बोटाच्या जागी खिळा : ट्रेबुशे यंत्राची चालती प्रतिकृती कशी बनवावी

ज्वारीच्या शेतात माचाणावर उभे राहून पाखरे हाकणाऱ्या राखणदाराच्या हातात गोफण पाहिलेली माणसे आमच्या सातारा जिल्ह्यात अजूनही आहेत. गोफणीच्या दोन दोऱ्यांपैकी एक बोटात अडकवलेली असते आणि दुसरी चिमटीत धरलेली असते. डोक्याभोवती फेर दिल्यावर नेमक्या क्षणी चिमूट सैल केली की दगड सुटतो. तो क्षण किंचित आधी आला तर दगड आभाळात जातो, किंचित उशिरा आला तर समोरच्या बांधावर आपटतो. मध्ययुगातील किल्ल्यांच्या भिंती फोडणारे ट्रेबुशे नावाचे यंत्र म्हणजे तत्त्वतः हीच गोफण होय. राखणदाराच्या हाताऐवजी तिथे लांब लाकडी दांडी असते, दंडाच्या जोराऐवजी दुसऱ्या टोकाला टांगलेले जड वजन असते आणि चिमटीचे काम दांडीच्या टोकाला ठोकलेला एक वाकडा खिळा करतो. हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम आधीच लिहीत आहे, कारण प्रतिकृती बनवणारे बहुतेक जण सगळे लक्ष वजनावर देतात आणि खिळ्याकडे दुर्लक्ष करतात. मीही पहिल्या खेपेस तेच केले होते.

दिवाळीत साताऱ्याच्या गल्लीगल्लीत मातीचे किल्ले उभे राहतात. अशाच एका किल्ल्याशेजारी ठेवण्यासाठी माझी पहिली प्रतिकृती तयार झाली. इतिहासाच्या दृष्टीने हा शेजार थोडा विजोड आहे, हे आधीच मान्य करायला हवे. औरंगजेबाच्या फौजेने १६९९ च्या डिसेंबरात साताऱ्याच्या किल्ल्याला, म्हणजे आजच्या अजिंक्यताऱ्याला, वेढा घातला तेव्हा जमाना तोफांचा आणि सुरुंगांचा होता. १७०० च्या एप्रिलमध्ये तट उडवण्यासाठी पेरलेल्या सुरुंगाने खुद्द मोगलांचीच मोठी हानी केली, ही हकिगत प्रसिद्ध आहे. दगड फेकणाऱ्या यंत्रांचा काळ त्याच्या कितीतरी आधीचा. माणसांनी दोर ओढून चालवायची यंत्रे प्रथम चीनमध्ये वापरात आली, आणि वजनाच्या जोरावर चालणारी यंत्रे बाराव्या शतकात भूमध्य समुद्राभोवतालच्या प्रदेशात दिसू लागली. भारतातही ती होती. १३०१ मध्ये अलाउद्दीन खिलजीच्या सैन्याने रणथंबोरला वेढा घातला असताना त्याचा सरदार नुसरत खान किल्ल्यातून अशाच यंत्राने फेकलेल्या दगडाने घायाळ होऊन मरण पावला. या यंत्रांना फारसी-अरबी लेखनात मंजनीक म्हणत. युरोपातील सर्वांत गाजलेले यंत्र इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने १३०४ मध्ये स्कॉटलंडमधील स्टर्लिंगच्या किल्ल्यापुढे उभारले. किल्लेदार शरण येण्यास तयार झाले तरी राजाने आधी यंत्र चालवून पाहिले आणि मगच शरणागती स्वीकारली. इतक्या खटपटीने यंत्र बांधल्यावर ते एकदा तरी चालवून पाहावेसे वाटणे मी समजू शकतो.

आता मोजमापांकडे वळू. येथे दिलेली प्रतिकृती गुडघ्याहून उंच आणि कमरेहून ठेंगणी आहे. ती टेनिसचा चेंडू मैदानात सुमारे २० मीटर फेकते. दांडी आसापासून, म्हणजे ती ज्या आडव्या सळईवर फिरते तिच्यापासून, एका बाजूला ८० सेंमी आणि दुसऱ्या बाजूला २० सेंमी, म्हणजे चारास एक या प्रमाणात आहे. आस तळाच्या फळीपासून ६० सेंमी उंचीवर आहे. वजनाची पेटी ५ किलोची आणि चेंडू सुमारे ५८ ग्रॅमचा आहे. हे आकडे का निवडले ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळले की वाचकाला आपल्या मापाने यंत्र लहानमोठे करता येईल. दांडी सज्ज असताना, म्हणजे लांब टोक तळाशी ओढून अडकवलेले असताना, सुमारे ४५ अंशांत तिरपी असते, त्यामुळे आखूड टोक आसाच्या १४ सेंमी वर असते. सुटल्यावर ते आसाच्या २० सेंमी खाली येते. म्हणजे वजन एकूण ३४ सेंमी खाली पडते. ही सगळी शक्ती चेंडूला मिळाली आणि हवेचा अडथळा नसला तर चेंडू जास्तीत जास्त किती दूर जाईल, हे काढण्याचा हिशेब अगदी सोपा आहे. वजनाला चेंडूच्या वजनाने भागावे, त्याला पडण्याच्या उंचीने गुणावे आणि उत्तर दुप्पट करावे. ५००० भागिले ५८ म्हणजे ८६. ८६ गुणिले ०.३४ मीटर, आणि त्याची दुप्पट सुमारे ५८ मीटर. प्रत्यक्षात याच्या निम्मे अंतर मिळाले तरी कारागिरी उत्तम झाली असे समजावे. माझ्या यंत्राचा उच्चांक २३ मीटरचा आहे.

लाकूड घेण्यासाठी वखारीत जाण्यापूर्वी सेंटिमीटरचे इंच करून कागदावर लिहून न्यावेत, कारण तिथला सगळा व्यवहार इंच, फूट आणि सुतांत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चालतो. आसासाठी १२ मिमीची सळई मागण्याऐवजी ‘चार सुती’ म्हटले की काम लवकर होते. चौकटीसाठी दीड बाय दीड इंचाच्या पाइनच्या पट्ट्या पुरतात. दांडीसाठी मात्र सागाची, सरळ रेषांची, गाठ नसलेली पट्टी निवडून घ्यावी. तिची रुंदी अडीच सेंमी, उंची ४ सेंमी आणि लांबी १०३ सेंमी असावी. वरचे ३ सेंमी आखूड टोकाच्या भोकापलीकडे लाकूड शिल्लक राहावे म्हणून आहेत. पावसाळ्यात घेतलेले लाकूड साताऱ्याच्या हवेत ओल धरून असते आणि दिवाळीपर्यंत वाकते, म्हणून ते नवरात्रापूर्वी आणून घरातच आडवे ठेवून वाळवणे चांगले. बांबूची दांडी करून पाहण्याचा मोह होतो, कारण बांबू हलका असतो आणि टोकाकडे आपोआप निमुळता होतो. मी तो प्रयोग केला आहे. आसाचे भोक पाडलेल्या जागी बांबू तिसऱ्या फेकीला उभा चिरला.

तळासाठी १२ मिमी जाडीच्या प्लायचा १२० बाय ५० सेंमीचा तुकडा घ्यावा. ज्या दिशेला चेंडू फेकायचा ती बाजू पुढची मानावी आणि मागच्या कडेपासून ६४ सेंमीवर आडवी रेघ मारावी. आस बरोबर या रेघेवर येईल. मग ७० सेंमी बाजूचे दोन समभुज त्रिकोण तयार करावेत. समभुज त्रिकोण निवडण्याचे कारण असे की ७० सेंमी बाजूच्या त्रिकोणाची उंची ६०.६ सेंमी भरते आणि आपल्याला हवी असलेली उंची वेगळे गणित न करता मिळते. तळाची बाजू म्हणजे प्लायवर स्क्रूने बसणारी पट्टी आणि उरलेल्या दोन बाजू म्हणजे पाय. वरच्या टोकाला दोन्ही पाय एकमेकांना भिडतात तिथे आतून आणि बाहेरून प्लायचे त्रिकोणी तुकडे फेविकॉल लावून स्क्रूने आवळावेत. आसाचे भोक या तुकड्यांतून जाते. दोन्ही त्रिकोण एकावर एक ठेवून, शिकंजात घट्ट धरून, एकाच वेळी आरपार भोक पाडावे. वेगवेगळी भोके पाडली तर एक-दोन मिमीचा फरक हमखास पडतो, आस तिरका बसतो आणि दांडी दर वेळी एका बाजूला घासते. हा दोष नंतर दुरुस्त होत नाही.

दोन्ही त्रिकोण तळावर उभे करताना त्यांच्यामध्ये आतून २० सेंमी अंतर ठेवावे, गुण्या लावून ते काटकोनात आहेत ना हे पाहावे आणि भोकातून ओळंबा सोडून तो आधी मारलेल्या रेघेवरच येतो याची खात्री करावी. त्रिकोण पुढेमागे हलत नाहीत, पण बाजूला सहज कलंडतात. म्हणून प्रत्येक त्रिकोणाच्या माथ्याजवळून तळाच्या कडेपर्यंत एक तिरपा टेकू द्यावा. हे टेकू नसलेले यंत्र पहिल्या दोन फेकींपर्यंत ठीक चालते आणि त्यानंतर करकरू लागते.

दांडीवर मात्र घाई करू नये. दांडी टोकापर्यंत एकसारख्या जाडीची ठेवली तर तिचे वजन साधारण ६५० ग्रॅम भरते आणि तिचा भारमध्य आसापासून साडेअठ्ठावीस सेंमी लांब, म्हणजे लांब बाजूला येतो. वजनाची पेटी खाली येताना तिला चेंडूच नव्हे, तर ही दांडीही वर उचलावी लागते. हिशेब केला तर पेटीच्या शक्तीचा सुमारे पाचवा हिस्सा केवळ दांडी उचलण्यात खर्च होतो असे दिसते. म्हणून आसापासून टोकाकडे जाताना रंध्याने तासत दांडीची उंची ४ सेंमीवरून २ सेंमीवर आणावी. वजन ५२० ग्रॅमच्या आसपास येते, भारमध्यही आसाकडे सरकतो आणि तो पाचवा हिस्सा आठव्यावर येतो. दोन तासांच्या रंधाकामाचा एवढा मोबदला दुसऱ्या कुठल्याही कामात मिळत नाही. आसाच्या भोकामुळे दांडी नेमकी सर्वाधिक ताणाच्या जागी कमकुवत होते, यासाठी तिथे दोन्ही बाजूंनी १० सेंमी लांबीचे प्लायचे तुकडे चिकटवून मगच भोक पाडावे. आखूड टोकाला, आसापासून बरोबर २० सेंमीवर, ८ मिमी बोल्टसाठी भोक घ्यावे. अंतर नेहमी भोकाच्या मध्यापासून मोजावे.

आसाच्या सळईवरील गंज सँडपेपरने घासून काढावा आणि तिला ग्रीस लावावे. दांडी दोन त्रिकोणांच्या मध्यभागी राहावी म्हणून सळईवर दोन्ही बाजूंना पीव्हीसी पाइपचे तुकडे ओवावेत. ज्यांना आणखी सफाई हवी असेल त्यांनी १२ मिमी भोकाच्या ६२०१ क्रमांकाच्या बेअरिंग बसवाव्यात, पण माझ्या अनुभवात या आकारात त्यांचा फारसा फरक पडत नाही.

पेटी ही दिसायला सर्वांत सोपी वस्तू असली तरी माझी पहिली प्रतिकृती तिनेच बंद पाडली होती. मी चौरस पेटी केली आणि ती बोल्टच्या अगदी जवळ टांगली. दांडी खाली ओढून सज्ज केली की पेटीचा वरचा कोपरा दांडीच्या पोटाला टेकायचा आणि पेटी तिरपी लटकायची. सुटताना तो कोपरा दांडीवर आपटून सगळे यंत्र उडी मारत असे. कारण साधे आहे. सज्ज अवस्थेत दांडी ४५ अंशांत असल्याने बोल्टपासून जितके खाली यावे तितकीच ती मागे सरकलेली असते, म्हणजे बोल्टजवळ पेटीला जागाच नसते. यावर उपाय म्हणून पेटी पुढून मागे आतून १० सेंमीच ठेवावी, रुंदी १४ सेंमी आणि उंची १६ सेंमी घ्यावी, आणि तिची वरची कड बोल्टच्या ११ सेंमी खाली राहील अशा बेताने दोन लोखंडी पट्ट्यांनी ती टांगावी. मग पेटी मोकळी झुलते आणि पूर्ण खाली आल्यावरही तळापासून सुमारे १३ सेंमी वर राहते. या मापाच्या पेटीत कोरडी वाळू भरली तर साडेतीन किलोच्या आसपासच मावते. ५ किलोसाठी फॅब्रिकेशनच्या दुकानातून लोखंडाचे बारीक तुकडे आणून आधी ते भरावेत आणि फटींत वाळू ओतावी. पेटीवर झाकण हवेच, नाहीतर पहिल्याच झोक्यात वाळू डोळ्यांत जाते.

आता गोफण. जाड कॅनव्हासचा किंवा जुन्या जीन्सचा १८ बाय १२ सेंमीचा तुकडा घेऊन त्याचे कोपरे गोल करावेत, लांबीच्या दोन्ही टोकांना चुण्या घालून दोऱ्या शिवाव्यात. टोकापासून चेंडूपर्यंत गोफणीची लांबी ७० सेंमी, म्हणजे दांडीच्या लांब बाजूपेक्षा थोडी कमी ठेवावी. दोरी सुती वेणीची घ्यावी. नायलॉन ताणले जाते आणि प्रत्येक फेक वेगळी पडते. एक दोरी दांडीच्या टोकाजवळ पक्की बांधावी. दुसरीच्या टोकाला किल्ल्यांच्या जुडग्याची लहान कडी बांधावी. ही कडी ज्यावर अडकते तो खिळा म्हणजे ५ मिमी जाडीचा, डोके कापून काढलेला आणि सँडपेपरने आरशासारखा गुळगुळीत केलेला असावा. तो दांडीच्या टोकात लांबीच्या दिशेने ठोकून ४ सेंमी बाहेर ठेवावा आणि पक्कडीने फेकीच्या दिशेला साधारण ३० अंश वाकवावा. खिळा ठोकण्यापूर्वी बारीक गिरमिटाने वाट करून घ्यावी, अन्यथा निमुळते टोक फुटते.

तळावर दांडीच्या टोकाखालून सुरू होऊन आसाच्या थोडे पुढे जाणारी, ७५ सेंमी लांब आणि ९ सेंमी रुंद सनमायकाची घसरपट्टी चिकटवावी व तिच्या दोन्ही कडांना बारीक पट्ट्या ठोकाव्यात. सज्ज करताना गोफण दांडीच्या टोकापासून पुढच्या दिशेला, यंत्राच्या पोटाखालून, या पट्टीवर ताठ पसरायची असते. नवख्या माणसाला ती मागे पसरावीशी वाटते, पण तसे केले तर चेंडूला वेग घ्यायला वाटच मिळत नाही. योग्य रीतीने पसरलेली गोफण आधी पट्टीवरून मागे ओढली जाते, मग उचलली जाऊन दांडीच्या मागून मोठा फेरा घेत माथ्यावरून पुढे येते.

चाप अगदी साधा ठेवावा. ५ किलो वजन चारास एक या प्रमाणात लांब टोकाला जेमतेम सव्वा किलोचा जोर देते, त्यामुळे भारी कड्याकोयंड्यांची गरज नाही. तळाच्या मागच्या कडेला दोन आकडे जवळजवळ बसवावेत, दांडीच्या टोकाजवळच्या दोरीचा फास त्या दोघांमध्ये आणावा आणि तिघांतून एक लांब गुळगुळीत खिळा सारावा. त्या खिळ्याला ३ मीटर दोरी बांधून बाजूला उभे राहून ती ओढायची.

फेकीसाठी अंगण किंवा गल्ली नको, मोकळे मैदान हवे. यंत्र लावल्यावर तळाच्या चारी कोपऱ्यांवर विटा ठेवाव्यात. माणसे फक्त यंत्राच्या दोन्ही बाजूंना, निदान ३ मीटर दूर असावीत. पुढे कोणी नसावे हे उघडच आहे, पण मागेही कोणी असू नये, कारण कडी लवकर सुटली तर चेंडू सरळ मागे जातो. मुलांना हे एकदा प्रत्यक्ष दाखवले की पुन्हा सांगावे लागत नाही. दांडी सज्ज असताना तिच्या वर किंवा पेटीखाली डोके वा हात नेऊ नये आणि सुटल्यावर झुलणारी दांडी हाताने थांबवू नये. टेनिसच्या चेंडूऐवजी दगड किंवा लोखंडी गोळी घालून पाहू असे कोणी तरी म्हणतेच. त्याला स्पष्ट नकार द्यावा.

पहिली फेक पेटीत ३ किलोच ठेवून करावी. ती बहुधा फसते आणि येथून खरे काम सुरू होते. चेंडू उंच वर गेला किंवा मागे पडला, तर कडी लवकर सुटत आहे. खिळा आणखी थोडा पुढे वाकवावा म्हणजे ती जास्त वेळ अडकून राहील. चेंडू समोर जमिनीवर आपटला, तर कडी उशिरा सुटत आहे. खिळा थोडा सरळ करावा. दर वेळी चार-पाच अंशांपेक्षा जास्त बदल करू नये, तीन फेकी करून त्यांची अंतरे वहीत लिहावीत आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. माझ्या दुसऱ्या प्रतिकृतीचा पहिला चेंडू ६ मीटरवर पडला होता. त्या दिवशी मी पेटीत वजन वाढवत गेलो आणि अंतर जेमतेम ८ मीटरवर गेले. दुसऱ्या रविवारी वजनाला हात न लावता फक्त खिळा वाकवत गेलो, तेव्हा नवव्या फेकीला चेंडू १९ मीटरवर पडला.

मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाजूने चित्रण केले तर हे काम निम्म्या वेळात होते. चेंडू सुटतो त्या चौकटीवर चित्र थांबवून तीन गोष्टी पाहाव्यात. दांडी जवळजवळ उभी असावी, पेटी आपल्या सर्वांत खालच्या जागी आणि क्षणभर थबकलेली असावी, आणि चेंडू वर-पुढे साधारण ४५ अंशांच्या दिशेने निघालेला असावा. चेंडू सुटल्यानंतरही पेटी जोरात झुलत राहिली तर तेवढी शक्ती वाया गेली आहे, असे समजावे. अशा वेळी गोफणीची लांबी दोन-दोन सेंमीने कमीजास्त करून पाहावी आणि प्रत्येक बदलानंतर खिळा नव्याने जुळवावा, कारण गोफण बदलली की सुटण्याचा क्षणही बदलतो.

पन्नासेक फेकींनंतर कडी घासून खिळ्यावर चरा पडतो आणि चेंडू विनाकारण उशिरा सुटू लागतो. तेव्हा खिळा पुन्हा घासून गुळगुळीत करावा किंवा सरळ नवा ठोकावा. यंत्र ठेवून देताना पेटीतील वाळू काढून घ्यावी, आसाला ग्रीस लावावे आणि गोफण सोडून वेगळी टांगावी. माझी एक गोफण माळ्यावर उंदरांनी खाल्ली आहे.